यवतमाळ प्रांतांतील जुनीं मृगयासाधनें : निवड, उपयोग व परीक्षा

जुन्या वाड्यांतून कागद गोळा करणाऱ्या संशोधकापुढें दफ्तराच्या रुमालांबरोबर आणखीहि कांहीं वस्तु येतात. खुंटीवरची लांब नळीची बंदूक, सांबरशिंगाची दारूदानी, शिशाच्या गोळ्या ओतण्याचा सांचा, गंजलेलें भाल्याचें पातें, क्वचित् एखाद्या जाळ्याचे अवशेष. बहुधा असें होतें कीं, कागदांचा संग्राहक कागद उचलतो व वस्तु तेथेंच राहतात. शस्त्रांचा संग्राहक बंदूक नेतो आणि सांचा, शिंग व परवान्याचें पुस्तक अडगळींत पडतें. कोणत्याहि रीतीनें पुरावा निम्मा होतो आणि उरलेला निम्मा मुका होतो.

प्रस्तुत लेखांत यवतमाळ जिल्ह्याचा मुलूख डोळ्यांपुढें ठेवून मोठ्या जनावरांच्या शिकारीचीं साधनें कोणतीं होतीं, शिकारी तीं कशीं निवडीत व वापरीत, आणि आज हातीं लागलेल्या वस्तूवरून वा शब्दावरून तें कसें ओळखावें, हें सांगण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शिकारीचें प्रत्येक साधन हें अंतराच्या प्रश्नाचें उत्तर असतें. जनावर व माणूस यांच्यामध्यें किती पावलें राहावयाचीं हें एकदां ठरलें म्हणजे नळीची लांबी, गोळीचें वजन, मचाणाची उंची, हांक्याची दिशा हीं सर्व त्यामागून ठरतात. म्हणून वस्तूची परीक्षा करतांना ती किती वर्षांपूर्वींची आहे हें विचारण्याआधीं ती किती पावलांवरची आहे हें विचारावें.

१. मुलूख व त्याचे कागद

ईशान्येस व पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा यांच्या दरम्यान हा जिल्हा पसरलेला आहे. रान पानझडीचें, त्यांत साग मुख्य, जोडीला तेंदू, मोह व सालई, आणि मधून मधून कापसाचीं व ज्वारीचीं शेतें. उन्हाळ्याच्या तोंडाशीं साग पानें टाकतो. तीं रुंद असून वाळल्यावर कडक होतात व पायाखालीं वाजतात. शिकाऱ्याची चाल जनावरास ऐकूं जाते, तशीच जनावराची शिकाऱ्यास. अशा रानांत मागोवा घेत जवळ जाण्यापेक्षां एका जागीं बसून वाट पाहणें किंवा जनावर आपल्याकडे हांकून आणणें अधिक सोयीचें. पुढें येणाऱ्या बहुतेक साधनांचें स्वरूप या एका गोष्टीनें घडविलें आहे.

कागद शोधणारानें प्रांताचीं नांवें ध्यानांत ठेविलीं पाहिजेत. १८०३ च्या देवगांवच्या तहापर्यंत वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. नंतर तो निजामाकडे राहिला व १८५३ त प्रांत इंग्रजांच्या हवालीं झाला. इंग्रजी अमदानींत या भागास वणी जिल्हा म्हणत. १९०५ च्या फेररचनेंत वाशीम जिल्हा मोडून त्यांतील पुसद तालुका इकडे जोडला गेला व जिल्ह्यास यवतमाळ हें नांव पडलें. तेव्हां १९०५ पूर्वींचे जिल्ह्याचे सरकारी कागद यवतमाळ या मथळ्याखालीं शोधूं गेल्यास निराशा व्हावयाची. दुहेरी अंमलामुळें मोडी व फारसी या दोन्ही लिप्यांतील कागदांकडे लक्ष ठेवावें लागतें, आणि एकाच वस्तूस दोन नांवें मिळतात.

दुसरी अडचण कारखान्यांची. शिवकालीन अठरा कारखान्यांची जी यादी बखरींतून येते तींत शिकारखाना, दारूखाना व जिरातखाना हे निरनिराळे आहेत. शिकारखाना हा मुख्यतः जनावरांचा व पक्ष्यांचा. पेशव्यांचा पर्वतीच्या पायथ्याचा शिकारखानाहि जनावरांचा संग्रहच होता. हत्यारें जिरातखान्याकडे, त्यासच पुढें शिलेखाना म्हणत, आणि दारू दारूखान्याकडे. म्हणून शिकारखान्याच्या हिशेबांत बंदूक आढळली नाहीं एवढ्यावरून शिकारींत बंदूक नव्हती असें अनुमान काढणें धोक्याचें आहे. तिन्ही खात्यांचे कागद शेजारीं ठेवून पाहावे.

शब्दांसाठीं दोन ग्रंथ हाताशीं असावेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंत हणमंते यांनीं सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशांत शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ ची आहे. हें दुसरें वर्ष विशेष महत्त्वाचें, कारण तोडेदार बंदूक अद्याप वापरांत असून टोपीची बंदूक आलेली होती, त्या संधिकाळाची ती भाषा आहे. यापूर्वींची शास्त्रीय बाजू ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकांतील मानसोल्लास पाहावा. त्यांतील विनोदांच्या प्रकरणांत मृगयेचे प्रकार सविस्तर दिले आहेत.

२. बंदुकीवांचून शिकार

वाघूर हा शब्द संस्कृत वागुरेपासून आलेला. जनावरांच्या नेहमींच्या वाटेवर जाड दोराचें जाळें आडवें लावावयाचें, दुसऱ्या बाजूनें त्यांस उठवावयाचें, आणि जाळ्यांत गुरफटलेल्या हरणाला किंवा रानडुकराला भाल्यानें वा काठीनें संपवावयाचें, अशी ही रीत. येथें अंतर शून्य. शिकाऱ्याचें सारें कसब जाळें कोठें लावावें यांत आहे. पाणवठा, ओहोळाची उतरण, शेताच्या कुंपणांतील मोकळी जागा, यांची माहिती हेंच खरें हत्यार.

फांसेपारध्यांचें नांवच त्यांच्या साधनावरून पडलेलें आहे. खुंट्यांस बांधलेल्या फासांची रांग वाटेवर मांडणें आणि माणसाळविलेल्या गुराच्या आडोशानें जनावराजवळ सरकणें या त्यांच्या युक्त्या. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांत पारधी जमातीचें वर्णन आहे. तें वाचतांना एवढें ध्यानांत ठेवावें कीं, १८७१ पासून निरनिराळ्या जमातींवर गुन्हेगारीचा कायदेशीर शिक्का मारण्याची पद्धति सुरू झाली, व तो शिक्का १९५२ त उठला. त्या काळांतील लिहिणाराच्या दृष्टींत त्याची छाया असावयाचीच. कसबाचें वर्णन घ्यावें, निवाडा घेऊं नये.

दोर, तांत व बांबू हीं कुजतात, लोखंड टिकतें. त्यामुळें संग्रहालयांत बंदुका पुष्कळ व जाळीं दुर्मिळ, आणि पाहणारास वाटतें कीं शिकार म्हणजे बंदूकच. हा भ्रम आहे. एखाद्या घरीं वाघुरीचा तुकडा, खुंट्या किंवा फासाच्या गांठी मिळाल्यास त्यांचें मोल जडावाच्या बंदुकीहून कमी समजूं नये.

भाल्यासंबंधीं एकच सूचना. घोड्यावरून रानडुकराची शिकार करण्याच्या इंग्रज अंमलदारांच्या खेळांत दोन संप्रदाय होते. मुंबईकडील भाला लांब व काखेखालीं धरावयाचा. बंगालचा आखूड, बुडाशीं शिशाचें वजन असलेला व वरून खालीं मारावयाचा. दांडा भरीव बांबूचा. पातें एकटेंच मिळालें तर प्रकार ठरविणें कठीण; परंतु शिशाचा बुडखा जवळ सांपडला तर प्रश्न सुटतो. म्हणून बुडखा टाकूं नये.

३. तोडेदार बंदूक

सुताची दोरी सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविली म्हणजे ती विझत नाहीं, सावकाश धुमसत राहते. हाच तोडा किंवा जामगी. नळीच्या मागील टोंकाशीं बाजूस बारीक छिद्र असतें, तो कान. कानालगतच्या पाळींत बारीक दारू घालतात, ती रंजक. चाप दाबला कीं चिमट्यांतील पेटता तोडा रंजकीवर टेकतो, रंजक भडकते, जाळ कानांतून आंत शिरतो व मुख्य दारू पेटते. दारू सोरा, गंधक व कोळसा यांची. कोळशासाठीं तुरीच्या काड्या, रुई अशीं हलकीं लांकडें चांगलीं. सोरा नीट शुद्ध केलेला नसला कीं तो हवेंतील ओल धरतो, आणि ओली रंजक म्हणजे फुकट गेलेली रात्र.

या यंत्राच्या मर्यादांतून त्याचा उपयोग ठरतो. तोडा वाट पाहण्याच्या सर्व वेळांत पेटता ठेवावा लागे; त्याचा निखारा अंधारांत दिसे व धुराचा वास वाऱ्याबरोबर जाई. चाप दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंत क्षणभर जाई. नळी गुळगुळीत असल्यामुळें चाळीस-पन्नास पावलांपलीकडे एका गोळीचा भरवसा धरणें कठीण. आणि गोळी एकच. दुसरी भरावयाची तर दारू ओता, कापडांत गुंडाळलेली गोळी गजानें ठासा, पुन्हा रंजक घाला, एवढें सगळें. जखमी वाघ तितका वेळ देत नाहीं.

या सर्व अडचणींवरचा उपाय बंदुकींत नव्हता, तो मचाणांत होता. पाणवठ्याशीं किंवा गाऱ्याशीं, म्हणजे वाघानें मारून ठेविलेल्या जनावराशीं, झाडावर बारा-पंधरा फुटांवर खाटेएवढी बैठक बांधावयाची. वारा पाहून झाड निवडावयाचें. पानांचा आडोसा करावयाचा. नळी फांदीवर टेकवावयाची. जनावर येऊन स्थिर उभें राहिलें म्हणजे वीस-तीस पावलांवरून एकच गोळी घालावयाची. लांब व जड नळी हातांत धरून चालावयास त्रासाची, परंतु फांदीवर टेकविल्यावर तिचें वजन स्थैर्य देतें आणि लांबीमुळें दारू पुरी जळते. तेव्हां चार चार फुटांची नळी पाहून जुने लोक अवजड हत्यारें हौसेनें बाळगीत असें म्हणूं नये. ती नळी झाडासकट पाहावी; झाड हा त्या बंदुकीचाच एक भाग होता.

हांक्याची रीत याहून निराळी. हांकेवाल्यांची ओळ रानाच्या एका अंगानें गलका करीत येते. दोन्ही बगलांस झाडांवर माणसें बसविलेलीं असतात, तीं जनावर वळूं लागल्यास खोडावर काठी वाजवून त्यास आंत लोटतात. आणि समोरच्या टोंकास बंदुका. येथें जनावर चालतें वा धांवतें असतें. तोड्याच्या बंदुकीस क्षणाचा विलंब असल्यामुळें ती या कामीं अपुरी पडे. हांका फळास आला तो टोपीच्या दुनळी बंदुकीनंतर. त्यांतहि एक नियम कडक होता : हांकेवाल्यांच्या दिशेनें गोळी घालावयाची नाहीं, जनावर ओळ ओलांडून मागें गेल्यावरच घालावयाची. हांक्यासाठीं किती माणसें लावलीं, त्यांस मजुरी काय दिली, कोणास इजा झाली, हें गांवच्या कागदांत मिळण्याचा संभव असतो. शिकारीच्या पुस्तकांत साहेबाचें नांव असतें. गांवच्या कागदांत हांकेवाल्याचें असूं शकतें.

४. गोळीचें गणित

जुन्या यादींत गोळी वजनानें सांगितलेली असली तर तीवरून नळीचें माप काढतां येतें. १८३३ त ठरलेला तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅमचा. या तोळ्यानें एक तोळा शिशाच्या गोळीचा व्यास सुमारें साडेबारा मिलिमीटर भरतो, दोन तोळ्यांच्या गोळीचा पावणेसोळा व तीन तोळ्यांच्या गोळीचा अठरा. वजन दुप्पट झालें कीं व्यास साधारण सव्वा पट होतो, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुरे. त्यापूर्वींचा तोळा ठिकठिकाणीं निरनिराळा असल्यामुळें १८३३ पूर्वींच्या कागदांस हें माप बेतानें लावावें.

इंग्रजी बोअरचें गणितहि असेंच वजनावरचें आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक ज्या नळींत बसेल ती बारा बोअरची. अशी गोळी ५८३ ग्रेनांची, म्हणजे सव्वातीन तोळ्यांची व साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. सोळा बोअरची गोळी अडीच तोळ्यांस किंचित् कमी. बोअरचा आंकडा वाढला कीं नळी लहान, हें नवख्यास उलटें वाटतें. परंतु पौंडाचे तुकडे किती हें आठवलें कीं उलगडा होतो.

ठासणीच्या बंदुकींत गोळी नळीहून किंचित् लहान असावी लागते, कारण तिच्याभोंवतीं कापड येतें. म्हणून सांचा व नळी एकाच घरीं मिळालीं तर सांच्याचें आंतील माप नळीच्या मापाहून थोडें कमी आहे कीं नाहीं तें पाहावें. सांच्याची गोळी नळींत शिरतच नसेल किंवा फारच सैल पडत असेल, तर तीं एकमेकांचीं नव्हत. या एका परीक्षेनें, जोडी म्हणून विकावयास आणलेल्या कित्येक वस्तूंचा निकाल लागतो.

५. टोपी, भरमार व परवाना

अलेक्झांडर फॉर्साइथ नांवाच्या स्कॉटलंडमधील धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करून १८०७ त एकस्व मिळविलें. त्यांतून पुढें तांब्याची टोपी निघाली. घोडा टोपीवर आपटला कीं ठिणगी थेट दारूंत. निखारा गेला, वास गेला, पावसाची भीति कमी झाली व क्षणाचा विलंबहि गेला. दोन नळ्या एकाच दस्त्यावर बसविणें सोपें झालें, म्हणजे दुसरी गोळी हाताशीं आली. परंतु नळी गुळगुळीतच राहिली. म्हणून टोपीनें अंतर बदललें नाहीं, वेळ बदलली. मचाण व गारा पूर्वीं होते तेथेंच राहिले.

विदर्भांत अशा तोंडानें भरावयाच्या बंदुकीस भरमार म्हणतात. इतरत्र तिचें नांव ठासणीची बंदूक. पुष्कळ भरमार बंदुका म्हणजे तोडेदाराच्या जुन्या नळीस टोपीचा घोडा जोडून केलेलीं रूपांतरें होत. जुना कान बुजविल्याची खूण, पाळ कापल्याची जागा, नळीच्या मानानें दस्त्याचें लांकूड नवें असणें, हीं त्यांचीं लक्षणें. अशा बंदुकीस बनावट समजून फेंकूं नये. एकाच नळीनें दोन युगें पाहिल्याचा तो पुरावा आहे.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें बंदुकीस परवाना आवश्यक झाला. आज १९५९ चा कायदा लागू असून तो १९६२ पासून अमलांत आहे. पिकाच्या रक्षणासाठीं म्हणून शेतकऱ्यांस बंदुकी देण्यांत येत. रानडुक्कर व रोही यांचा उपद्रव या जिल्ह्यास आजहि आहे. परवान्याच्या पुस्तकांत बंदुकीचा प्रकार, नळ्या, क्रमांक, धारकाचें नांव व गांव, दारूगोळ्याची मर्यादा हीं नमूद असतात. वस्तूचा घरंदाजपणा सिद्ध करावयास याहून चांगला कागद नाहीं, आणि तोच बहुधा प्रथम रद्दींत जातो.

६. काडतुसी बंदुका व रायफली

मध्यप्रांतांतील एक अंमलदार कॅप्टन जेम्स फॉर्साइथ यांनीं १८६३ त शिकारी रायफलीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचें मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तक १८७१ त निघालें. रायफलीविषयीं त्यांचा आग्रह मोठी गोल गोळी, नळींतील मंद पीळ व भरपूर दारू यांचा होता. हेतु हा कीं, गोळीची वाट जितकी सपाट तितकी अंतराच्या अंदाजांतील चूक कमी बाधते. रानांत जनावर किती यार्डांवर आहे हें मोजण्यास सवड नसते. एक्स्प्रेस या नांवानें जी रायफल पुढें लोकप्रिय झाली तिचें तत्त्व हेंच : हलकी गोळी, जास्त दारू, सपाट वाट. तिनें शंभर-दीडशे यार्डांपर्यंतचें अंतर शिकाऱ्याच्या आटोक्यांत आणिलें आणि झाडावरून उतरून पायीं शिकार करणें शक्य केलें. उणीव ही कीं, पोकळ टोंकाची हलकी गोळी जाड स्नायूंवर फुटून उथळ जखम करी.

१८८५ त कर्नल फॉस्बेरी यांनीं पॅराडॉक्स नांवाची युक्ति काढली. नळी गुळगुळीत, परंतु तोंडाशीं थोड्या इंचांपुरते पीळ. त्यामुळें एकाच बंदुकीनें छर्रेहि चालत व गोळीहि. ज्या रानांत मोर व वाघ एकाच वाटेवर भेटतात तेथें तिचें महत्त्व सांगावयास नको. अशी बंदूक छऱ्याची समजून विकली जाण्याचा संभव असतो. तोंडाकडून उजेड टाकून पाहिल्यास पीळ दिसतात.

१८९८ पासून धूरविरहित दारूच्या मोठ्या रायफली आल्या. त्यांत .४५० माप गाजलें. परंतु सैन्याच्या काडतुसांशीं तें जुळत असल्यामुळें १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानांत या मापास बंदी झाली आणि त्याऐवजीं.४६५, .४७० इत्यादि मापें निघालीं. तेव्हां एखाद्या घराण्यांत .४५० ची दुनळी रायफल असेल तर ती त्या बंदीच्या आधींची असण्याचा संभव प्रथम विचारांत घ्यावा. .३०३ हें सैन्याचें माप असल्यामुळें नागरिकांसाठीं ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत .३१५ ची रायफल होऊं लागली. पुढील पिढींतील शिकाऱ्यांची ती नेहमींची.

दोन धोके येथें सांगितले पाहिजेत. कांहीं इंग्रजी नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असा छाप असतो. तो १८७५ ते १८८७ या काळांतील असून नळी तोंडाशीं आवळलेली आहे व तींत गोळी घालूं नये, असा त्याचा अर्थ. दुसरें, पीळदार लोखंडाच्या नक्षीची नळी काळ्या दारूसाठीं केलेली असते. तींत आजचें काडतूस घातल्यास ती फाटते. संग्राहकानें अशा नळीची परीक्षा डोळ्यांनीं करावी, बार काढून कधींहि करूं नये.

७. पुन्हा जुन्या अंतरावर

१९७० त वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती पक्की झाली. पांढरकवड्याजवळील टिपेश्वराचें रान १९९७ पासून अभयारण्य आहे. यामुळें आमचा विषय संपला असें वाटावें; परंतु याच जिल्ह्यांत २०१८ त साधनाच्या निवडीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

राळेगांव व पांढरकवडा या भागांत २०१६ पासून तेरा माणसांचे मृत्यु टी-१ अथवा अवनी नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वाघिणीकडे लावण्यांत आले. मरणारीं माणसें शेतांत राबणारीं व गुरें राखणारीं होतीं. त्यांच्या बाजूनें पाहिल्यास हा वाद पुस्तकी नव्हता. कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें मुख्य वन्यजीव रक्षकास अशा प्रसंगीं लेखी व सकारण हुकूम देतां येतो. सप्टेंबर २०१८ मधील हुकूम आधीं बेशुद्ध करून पकडण्याचा व तें न साधल्यास ठार मारण्याचा होता. उच्च व सर्वोच्च न्यायालयांनीं त्यांत हात घातला नाहीं. शोधासाठीं छायाचित्रक सांपळे, ड्रोन, हत्ती, परदेशी जातीचे कुत्रे, जनावरास ओढून आणील असें विलायती अत्तर, इतकें सर्व आणिलें गेलें. आणिलेल्यांपैकीं एक हत्ती सुटून त्याच्या हातून एका स्त्रीचा जीव गेला. अखेर २ नोव्हेंबर २०१८ रोजीं रात्रीं बोराटीच्या परिसरांत वाघीण गोळीनें मरण पावली. गोळी स्वसंरक्षणार्थ झाडल्याचें सांगण्यांत आलें. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीनें मात्र गोळी लागली तेव्हां वाघीण पाठमोरी असल्याचा निष्कर्ष काढला, आणि बेशुद्धीच्या औषधाची हाताळणी व ठरलेली कार्यपद्धति यांविषयीं गंभीर आक्षेप नोंदविले.

या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. साधनांच्या दृष्टीनें मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे. औषधाची सुई फेंकणारी बंदूक सामान्यतः तीस-चाळीस मीटरांच्या आंतच कामाची. सुई लागल्यावर औषध चढण्यास मिनिटें लागतात. औषध ताजें असावें लागतें. आणि जनावर शांत व उजेड पुरेसा असावा लागतो. म्हणजे दीडशे वर्षांत रायफलीनें मिळविलेलें अंतर सोडून शिकारी पुन्हा तोडेदाराच्या अंतरावर आला. तोडेदारवाल्यापाशीं त्या अंतरास साजेसें झाड होतें, वारा पाहून निवडलेली जागा होती आणि रात्रभर न हलण्याची संवय होती. येथें उघडी मोटार, अंधार, आणि एकाच वेळीं दोन परस्परविरोधी साधनें. एकास मिनिटांचा धीर हवा, दुसऱ्यास निमिषाची घाई. ताज्या रंजकीचा जो नियम जुना शिकारी पाळी, तोच औषधास लागू आहे. जवळचें साधन घेतलें कीं जवळची शिस्त घ्यावी लागते. ही शिस्त कशी होती हें जुन्या साधनांच्या बारकाईच्या अभ्यासावांचून कळणार नाहीं, आणि म्हणूनच तीं साधनें तुकड्या-तुकड्यांनीं विखरूं देऊं नयेत, असा आमचा आग्रह आहे.

८. संग्राहकांस सूचना

पहिली सूचना जिवाची. जुनी भरमार बंदूक भरलेली असूं शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. लांकडी काठी नळींत अलगद शेवटपर्यंत सोडावी, तोंडाशीं खूण करावी, मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून कानाशीं ताडून पाहावी. तीन-चार बोटें कमी पडल्यास आंत भरणा आहे असें समजावें, वस्तु हलवूं नये व जाणकारास बोलवावें.

दुसरी, घांसूं नये. विटकरीच्या भुकटीनें वा चिंचेनें नळी लखलखीत करतांना तिजवरील खुणा जातात. बिकानेरच्या शस्त्रागारांतील हत्यारांवर टोचून काढलेलीं देवनागरी अक्षरें इतिहासास उपयोगी पडलीं, तीं कोणी घांसलीं नाहींत म्हणून. अक्षरांचा ठसा किंवा छायाचित्र आधीं घ्यावें.

तिसरी, कायदा पाळावा. दुरुस्त करूनहि चालूं न शकणारें, जुन्या घडणीचें वा पुरातन मोलाचें हत्यार १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमानें सवलतींत येतें. परंतु चालूं शकणारी बंदूक जुनी आहे एवढ्यावरून सुटत नाहीं. सांबरशिंगाची दारूदानी किंवा वाघाचें कातडें यांस १९७२ चा कायदा लागू आहे. मालकीचा दाखला नसेल तर तीं बाळगूंहि नयेत. शंभर वर्षांवरील वस्तूंस व पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखितांस पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा लागतो, हें व्यवहार करणाऱ्यांनीं विसरूं नये.

चौथी व सर्वांत महत्त्वाची, एका घरचें एकत्र ठेवावें. वस्तु विकत घेतां आली नाहीं तरी टिपण घेतां येतें. नळीची लांबी, तोंडाचा व्यास, सांच्याचा व्यास, दारूदानीच्या तोंडांत मावणारें माप, परवान्याचा क्रमांक, वस्तु जेथें टांगली होती ती जागा, आणि घरांतील वृद्धांनीं तिला दिलेलें नांव, एवढ्या सात गोष्टी एका कागदावर लिहून त्या घरच्या दफ्तराच्या रुमालांत ठेवाव्या. राळेगांव, केळापूर, वणी, दारव्हा व पुसद या तालुक्यांतील वाचकांनीं अशीं टिपणें केल्यास मंडळाच्या दफ्तरीं त्यांस जागा आहे. बंदूक कोठें गेली हें पुढें कळलें नाहीं तरी ती किती पावलांवरची होती हें राहील.